पहिल्या रांगेची बातमी

गोव्यातल्या कुठल्याही मराठी दैनिकाचं स्थानिक पान उघडा. एका चौकटीत समई असते, समईभोवती सहा-सात माणसं असतात. एकाच्या हातात पेटती मेणबत्ती, बाकीच्यांचे हात त्या हाताच्या दिशेने लांबवलेले, आणि सगळ्यांचे डोळे मात्र कॅमेऱ्याकडे. खाली ओळ: ‘राष्ट्रीय चर्चासत्राचे उद्घाटन करताना डावीकडून...’ त्या ओळीत नावं कोणत्या क्रमाने आली, कुणाच्या मागे नुसतं ‘प्रा.’ लागलं आणि कुणाच्या मागे ‘प्रा. डॉ.’, यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन किती वाजणार ते ठरतं. ‘फोटोंत हांव ना!’ (फोटोत मी नाही!) अशी सुरुवात झाली की पुढचं संभाषण मला पाठ आहे. चर्चासत्रात कोण काय बोललं, ते बरोबर छापून आलं की नाही, हे विचारायला मात्र आजवर कुणी फोन केलेला नाही.

मी एका उच्च शिक्षणसंस्थेत जनसंपर्क आणि प्रसिद्धीचं काम बघते. संस्थेचं नाव लिहीत नाही. १२ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा लाख वस्तीचा हा मुलूख. इथे कुणाचंही नाव घेतलं की त्याचा मावसभाऊ शेजारच्याच टेबलावर निघतो. या नोकरीआधी मी पणजीत एका दैनिकाच्या डेस्कवर होते. तिथे अशा प्रेसनोटा आल्या की आम्ही खालून कापायला सुरुवात करायचो, कारण खाली आभारप्रदर्शन असायचं. आता त्या मीच लिहिते, आभारासकट.

कार्यक्रम साडेदहाचा असतो, म्हणजे अकराला सुरू होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझा मजकूर तयार असतो. तिथून तो संयोजकांकडे, मग विभागप्रमुखांकडे, मग वरच्या कार्यालयात असा फिरतो. प्रत्येक टेबलावर त्यात एक नाव वाढतं. कुठल्याही टेबलावर एकही ओळ कमी होत नाही. संध्याकाळी उशिरा तो परत हाती येतो तेव्हा मुख्य वक्त्याचं म्हणणं दुसऱ्या परिच्छेदातून सहाव्यात गेलेलं असतं. डेस्कवरचा माझा जुना सहकारी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, ‘यात बातमी कुठे आहे ती दाखव, तेवढी लावतो.’ मी दाखवते, तो लावतो. सकाळी चार ओळी छापून येतात आणि त्या खरोखर वाचण्यासारख्या असतात. आणि दहा वाजता मला बोलावून विचारतात, बाकीचं का गाळलं?

पोस्टर हा लग्नपत्रिकेच्याच घराण्यातला प्रकार. मुख्य आश्रयदाते, आश्रयदाते, निमंत्रक, सहनिमंत्रक, सल्लागार समिती, आयोजन समिती; ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ तेवढं लिहायचं बाकी असतं. वर बोधचिन्हांची रांग. मधल्या काळात तिच्यात अमृत महोत्सवाचं चिन्ह आलं, २०२३ साली जी-२० चंही आलं. कमी कुठलंच झालं नाही. वक्ता कोण, विषय काय, कुठल्या सभागृहात, किती वाजता, हे उरलेल्या जागेत, मोबाईलवर बोटांनी ताणून वाचावं लागेल एवढ्या अक्षरांत. आणि हे पोस्टर मागायला येणारे सर संध्याकाळी पाचनंतरच येतात. कार्यक्रम उद्या असतो.

फोटोंचंही तसंच. आम्ही प्रत्येक कार्यक्रमाचे दोन संच काढतो. एक वर्तमानपत्रासाठी, स्वच्छ. दुसरा फाईलसाठी, ज्याच्या कोपऱ्यात नकाशा, तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटलेले असतात, कारण नॅकच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांची प्रत ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनाला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे असा जिओटॅग केलेला फोटो. कार्यक्रम झाला हे सभागृहातल्या लोकांपेक्षा उपग्रहाला विचारलेलं बरं, असं एकूण धोरण दिसतं. मी एक तिसरा फोटोही काढते. व्यासपीठाच्या बाजूने, श्रोत्यांचा. पहिल्या रांगेत सोफ्यावर पाहुणे, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत प्राध्यापक, मागे हजेरी मिळणार म्हणून आणून बसवलेली मुलं, आणि त्यांच्यातच कुठेतरी मान खाली घालून भराभर लिहून घेणारी एखादी मुलगी. हा फोटो आजवर कुणीही मागितलेला नाही.

माझ्या नोकरीतलं सगळं अवघडपण या एकाच ठिकाणी आहे. आम्ही जे लिहितो, छापतो, चढवतो, ते पहिल्या रांगेने वाचावं म्हणून. संस्था आपल्याच माणसांना आपलीच बातमी सांगत असते. आणि ज्याला आमच्याकडून काहीतरी खरोखर कळायला हवं असतं, तो सभागृहाच्या बाहेर असतो. वाळपईला, केपेला, पेडण्याला, हातात बारावीची गुणपत्रिका घेऊन.

बारावीचा निकाल लागला की माझ्या टेबलावरचा फोन दिवसभर वाजतो. चौकशीचा खरा क्रमांक दुसराच आहे, पण वेबसाईटवर तो चौथ्या क्लिकनंतर सापडतो आणि प्रेसनोटेखालचा माझा नंबर चटकन मिळतो. एक बाई वाळपईच्या पलीकडून बोलत होत्या. ‘म्हजे चलयेक साठ टक्के मेळ्ळ्यात, सीट मेळटली मगो?’ मुलीला साठ टक्के, सीट मिळेल ना? मी म्हटलं, मिळेल, अर्ज ऑनलाईन भरावा लागेल. मग फी विचारली. मग दाखले कुठले ते. रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत किती दिवस लागतात, तेही मलाच विचारलं. ‘तीन वर्सां काय चार?’ हा प्रश्न २०२३ नंतर प्रत्येक पालक विचारतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, एवढं सांगितलं तरी पलीकडे शांतता पसरते. मेजर, मायनर, क्रेडिट, क्रेडिट बँक हे शब्द आम्ही परिपत्रकातून जसेच्या तसे उचलून माहितीपुस्तिकेत टाकले आहेत. त्या शब्दांनी अजून एकाही आईचं समाधान केल्याचं मला ठाऊक नाही. मी त्यांना म्हटलं, ‘एक मुख्य विषय, एक जोडविषय, बाकी थोडं थोडं सगळं.’ ‘अशें सांग मगो!’ त्या म्हणाल्या. आणि शेवटी आवाज थोडा उतरवून: ‘निमाणी बस कितल्यांक?’

शेवटची बस. प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होते, त्यानंतर पणजीच्या स्टँडवर यायचं, तिथून कदंबची नाहीतर खाजगी बस धरायची, मधे साखळीला किंवा फोंड्याला बदलायची, जून ते सप्टेंबर हे सगळं पावसातून. मुलीने कुठला विषय घ्यायचा हे बऱ्याच घरांत त्या बसवर ठरतं. आमच्या माहितीपुस्तिकेत दूरदृष्टी आहे, ध्येय आहे, मूल्यं आहेत, बस नव्हती.

फोनवर कोकणीत बोलायचं आणि लिहिताना मराठी, इंग्रजी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत लिहायचं, हे इथल्या प्रसिद्धीच्या कामाचं आणखी एक अंग. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आणि मराठीचाही सरकारी कामासाठी वापर, अशी व्यवस्था केली. वर्तमानपत्रांनीही भाषेप्रमाणे आपापली घरं थाटलेली. नवहिंद टाइम्स आणि हेराल्डला इंग्रजी, गोमन्तक, तरुण भारत, नवप्रभा, लोकमत, पुढारीला मराठी, भांगरभूंयला कोकणी. वरिष्ठांना वाटतं की इंग्रजी एकदा मंजूर झालं की बाकीचं ‘फक्त उतरवायचं’. तसं केलं की मराठी पानावर एक विचित्र भाषा छापून येते, जी शाळेतल्या वाचकालाही अडखळवते आणि प्राध्यापकालाही. मी उलटं करते. आधी मराठी लिहिते, कारण मराठीत लिहिताना मला वाळपईची बाई दिसते. इंग्रजी मग आपोआप साधी होते. कोकणी माझा सहकारी लिहितो आणि तो माझ्या मराठीतली दोन विशेषणं नेहमी खातो. बरं करतो.

आणि सासष्टीतल्या ज्या पालकांना कोकणी रोमी, म्हणजे रोमन, लिपीतच वाचता येते त्यांचं काय? त्यांच्यासाठी आमच्या कुठल्याच नोटिशीत जागा नाही. म्हणून आम्ही दोघांनी प्रवेशाच्या दिवसांत मिनिटभराचा बोललेला निरोप काढायला सुरुवात केली, साध्या कोकणीत, व्हॉट्सअ‍ॅपवर: अर्ज कधी, फी किती, कागद कुठले. कानावर पडणाऱ्या कोकणीला लिपीचा वाद नसतो. तो निरोप चर्चच्या युवक गटांतून फिरतो, स्वयंसाहाय्य गटांतून फिरतो, फुटबॉलच्या क्लबांतून फिरतो. वार्षिक अहवालात त्याची नोंद करायला रकाना नाही. रकाना आहे तो कात्रणांचा.

कात्रणांवरून आठवलं. भारतात छापखाना पहिल्यांदा आला तो गोव्यात, १५५६ साली, आणि तोही जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. पहिली छपाई झाली ती कॉलेजातल्या तात्त्विक वादविवादात मांडायच्या सिद्धांतांची. म्हणजे या देशात यंत्रावर छापलेला पहिला कागद म्हणजे एका शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमाची सामग्री! त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. निमंत्रकांची यादी त्यात होती का, हे कळायला मार्ग उरलेला नाही. पण त्यात मुद्दे होते, वाद घालण्यासारखे, एवढं नक्की. आमच्या चर्चासत्राच्या पोस्टरवर मी मुद्दे टाकायचा आग्रह धरते तेव्हा हा दाखला देते. समोरचे हसतात आणि आणखी एक बोधचिन्ह देतात.

बाहेरच्या जगाने आम्हाला कसं मोजावं, हा वेगळा ताप. केंद्राची शिक्षणसंस्थांसाठीची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून लागते. तिच्यात पाच कप्पे आहेत: अध्यापन आणि साधनं, संशोधन, पदवीनंतरचं फलित, सर्वसमावेशकता आणि पाचवा, लोकांच्या मनातली प्रतिमा. सर्वसाधारण गटात या पाचव्याचं वजन दहा टक्के. पहिल्या चार कप्प्यांत गुण कमी पडले तर ते खातं जबाबदार. पाचव्यात पडले तर मी. ‘प्रतिमेचं काहीतरी करा’ असं मला सांगितलं जातं, जणू ती माझ्या कपाटात आहे. इथली प्रतिमा कशी बनते ते मला घरातूनच माहीत आहे. १९८५ मध्ये ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. माझ्या काकांच्या पदवीवर मुंबईचा शिक्का आहे आणि तो ते अजून दिवाणखान्यात लावून बसले आहेत. गोव्यात राहून शिकलेल्या भाचीबद्दल विचारलं तर म्हणतात, ‘हुशार होती, बाहेर जायला हवी होती.’ हुशार मुलगा पुण्याला, बेळगावला, बंगळूरला जातो आणि उरलेले इथे राहतात, ही समजूत रील काढून पुसली जात नाही.

बाहेरच्यांच्या मनातला गोवा तर आणखीच वेगळा. एका जाहिरात संस्थेने आम्हाला मुखपृष्ठाचे तीन नमुने दाखवले: तिन्हींवर समुद्र. एकावर तर मुलगी लॅपटॉप घेऊन चक्क वाळूत बसली होती. वाळूत लॅपटॉप नेलेल्या माणसाला लॅपटॉपचं पुढे काय होतं ते विचारावं. आमच्या वर्गांच्या खिडक्यांतून काजूची झाडं, लाल जांभा आणि पलीकडचा हमरस्ता दिसतो. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून मुलं यावीत म्हणून किनारा दाखवायचा, आणि इथले पालक तेच चित्र पाहून म्हणणार, म्हणजे तिथे अभ्यास होत नाही तर. दोघांना एकाच चित्रात बसवता येत नाही. मी प्रयोगशाळेचा फोटो सुचवला. ‘सगळ्यांकडे असतो,’ म्हणाले. खरं आहे, सूक्ष्मदर्शकात बघणारी पांढऱ्या कोटातली मुलगी देशातल्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्या सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी नसते.

मला विचाराल तर या कामातली खरी मजा कुठे आहे? एखादा प्राध्यापक आपलं काम समजावून सांगतो तिथे. आमच्याकडचे एक सर खाजन जमिनींवर, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या शेतांवर, काम करतात. त्यांनी दिलेली टिपणं इंग्रजीत होती आणि तीनदा वाचूनही त्यांत गोवा दिसत नव्हता. मग मी त्यांना कँटीनमध्ये गाठलं आणि विचारलं, सर, बांध फुटला की नेमकं काय होतं? त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि कागदी रुमालावर आकृती काढली. नदीचं खारं पाणी अडवायला बांध, बांधात मानस म्हणजे पाण्याची वाट, मानशीला लाकडी दारं. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात न लावता भाताला गोडं पाणी राहतं. शतकानुशतकं चाललेली ही व्यवस्था, आणि ती एका बांधाला भोक पडलं की दोन-तीन भरत्यांत खारवटते. बांध राखायला गावाने एकत्र यावं लागतं, आणि गाव तर नोकरीसाठी वास्कोला आणि आखातात. सर बोलत होते आणि मी रुमाल सांभाळत लिहीत होते.

मी लिहिलेला मजकूर त्यांनी वाचला आणि अर्धा तास अस्वस्थ होते. ‘हे फार ठाम वाटतं. मी “सूचित होते” असं म्हटलं होतं.’ त्यांचं बरोबर होतं. शास्त्रज्ञाला किती खात्री आहे ते त्याच्या क्रियापदात असतं आणि वार्ताहराला नेमकं तेच क्रियापद नको असतं. त्याला ‘खाजनं बुडणार!’ हवं असतं. मग आम्ही दोघांनी एकेक वाक्य तोललं. ठाम ते ठाम ठेवलं, शंका होती तिथे शंका लिहिली. बातमी लागली, फोटोविना. आठवड्याने तिसवाडीतल्या एका गावातून शेतकरी भेटायला आले, बांध दाखवायला या म्हणून. सर गेले. त्या दिवशी संस्थेत एक उद्घाटनही होतं आणि सर पहिल्या रांगेत नव्हते, याची चौकशी माझ्याकडे झाली.

पावसाळ्यात आणखी एक उद्योग असतो. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा प्रदेश. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की संध्याकाळी सहापासून सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं असतं, उद्या परीक्षा आहे की नाही. आणि कुठून तरी एक परिपत्रक फिरायला लागतं. जुनंच, गेल्या कुठल्या तरी वर्षाचं, तारीख खोडून नवी बसवलेली. सही खरी, शिक्का खरा, मजकूर खरा, फक्त दिवस खोटा. त्याचं खंडन करायला मला खरं परिपत्रक हवं, त्याला सही हवी, जावक क्रमांक हवा, आणि जावक क्रमांकाची वही ज्या कपाटात आहे त्याची किल्ली घेऊन कारकून पाच वाजता म्हापशाच्या बसमध्ये बसलेला असतो. तोवर काणकोणच्या मुलाने दप्तर भरून ठेवलेलं असतं नाहीतर रिकामं केलेलं असतं. खोटी बातमी दहा मिनिटांत राज्यभर, आणि खरी टिप्पणीवर. गेल्या पावसाळ्याआधी कशीबशी एक परवानगी मिळवली: अशा वेळी ‘उद्याची परीक्षा ठरल्याप्रमाणे’ एवढी एक ओळ वेबसाईटच्या माथ्यावर लगेच चढवायची, क्रमांक मागाहून. एवढ्या एका ओळीसाठी तीन बैठका झाल्या. त्या बैठकांची इतिवृत्तं बारा पानांची आहेत.

वेबसाईटबद्दल मी कमी बोलते. तिथे ‘नवीन’ असं लुकलुकणारं चित्र अजून आहे आणि ते दोन वर्षांपूर्वीच्या सूचनेपुढे लुकलुकतं. सूचना म्हणजे कागदाचा फोटो, बहुतेकदा आडवा. शोधला तर सापडत नाही, आणि अंध विद्यार्थ्याच्या मोबाईलमधलं वाचून दाखवणारं अ‍ॅप त्यापुढे गप्प बसतं, कारण त्याच्या लेखी तिथे अक्षर नाही. याबद्दल एका विद्यार्थ्याने तक्रार केली तेव्हा ‘तांत्रिक बाब’ म्हणून ती माझ्याकडून संगणक विभागाकडे, तिथून परत माझ्याकडे अशी फिरली. आता टंकलिखित मजकुराशिवाय सूचना घेत नाही असं मी सांगून टाकलं आहे. लोक रागावतात आणि मग टंकलिखित पाठवतात. रील्सचं खातं मात्र सुरळीत आहे. कँटीनच्या पातळ भाजीवरच्या रीलला दीक्षान्त समारंभापेक्षा जास्त लोकांनी पाहिलं, आणि ते मुलांनी स्वतःच केलं होतं, आम्हाला न विचारता. त्यावर समिती नेमावी असा एक विचार पुढे आला होता. तो मागे पडला.

यंदा माहितीपुस्तिकेवरून जे झालं ते अजून चालू आहे. दर वर्षी पहिल्या पानावर प्रमुखांचा संदेश असतो, फोटोसकट. मग इतरांचे संदेश, इतिहास, दूरदृष्टी. फीचा तक्ता शेवटाकडे, परिशिष्टात. मी एप्रिलच्या बैठकीत म्हटलं, पहिल्या पानावर फी, तारखा, लागणारे दाखले, वसतिगृह, आणि पणजीहून सुटणाऱ्या शेवटच्या बसच्या वेळा घालू. सगळे बघत राहिले. ‘आपण कदंबाचे एजंट आहोत का?’ एकांनी विचारलं. दुसऱ्यांचा मुद्दा असा की बसच्या वेळा बदलतात. मी म्हटलं, दूरदृष्टीही बदलली, तीनदा. हे बोलायला नको होतं असं शेजारच्या मॅडमनी टेबलाखालून पाय दाबून सुचवलं, पण त्याच मॅडम सांग्याहून येतात, आणि पुढच्याच क्षणी त्या म्हणाल्या, ‘वेळा घाला. माझ्या वर्गातल्या चार मुली शेवटच्या तासाला कधी बसतच नाहीत.’ त्यावर कुणी काही बोललं नाही.

तडजोड झाली. संदेश पहिल्याच पानावर, पण अर्धा. खालच्या अर्ध्यात फी, दाखले आणि बस. मी स्टँडवर जाऊन वेळा उतरवून आणल्या, ‘बदलू शकतात’ अशी ओळ घातली, फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर घातला. काल छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं. संदेशाचा फोटो मधल्या मधे कुणीतरी वाढवला होता आणि त्याला जागा करायला केपे-सांगे मार्गाची ओळ उडवली होती. ती मी परत घातली आणि फोटो होता तेवढा केला. दुसरं प्रूफ उद्या संध्याकाळी येतं. मॅडमना सांगितलंय, तुमची बस चुकली तरी चालेल, घरी मी सोडते, पण तोवर थांबा.